लाल ठशाची खाच

माझ्या बायकोचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. ती जिवंत होती तोवर हे मी एकदाही बोललो नाही, आणि आता लिहायला बसलो तर ऐकायला ती नाही. मी चौथी शिकलेला, लाकूड कापून पोट भरणारा माणूस. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही मोठे कसे झाले ते लिहा. लहानपणचं मागं लिहून झालं, ढोरं राखली, आरागिरणीवर मिस्त्रीच्या हाताखाली मार खाल्ला, तेवढंच ते. पण मोठा मी तेव्हा झालो नाही. मुलगी शिकायला गोंदियाला गेली, माझ्या कानावरचे केस पिकले, तरी मी आपला पोरच होतो. दुसऱ्याच्या हातात काही दिसलं की भोकाड पसरणारं पोर. ते वय कसं संपलं, ते इथं सांगतो.

आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून सायकलच्या अंतरावर, तलावाच्या पाळीखाली. घर दोन खोल्यांचं, पुढं लांब पडवी. रस्त्याकडची अर्धी पडवी माझी, चुलीकडची बायकोची, पंचफुलाची. माझ्या बाजूला रंधा चाले, तिच्या बाजूला कैची. ती बिड्या वळे. तेंदूची पानं आदल्या दिवशी पाण्यातून काढायची, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, आणि सकाळी पोतं उघडलं की पडवीभर हिरवट कडू वास. पान ज्यादा ओलं राहिलं तर बिडीवर बुरशी धरते, कोरडं झालं तर वळताना चिरतं. ती पोत्यात नुसता उपडा हात घालून सांगे, अजून घटकाभर. सकाळी तांदळाची पेज, दुपारी भात आणि लाखोळीची डाळ, तलावाचे झिंगे मिळाले तर त्यांची चटणी. वाढताना ती विचारे, "मीठ बराबर हाय का जी?" मी म्हणे, "हाय." एवढ्याच बोलण्यात आमची वीस-बावीस वर्षं गेली होती, आणि वाईट गेली नव्हती. आता भात मीच टाकतो. मीठ कधी असतं, कधी नसतं.

नवं शतक नुकतं लागलं होतं त्या सुमाराची गोष्ट. रोवणीचे, धान लावायचे दिवस होते. आमच्या विहारात एक म्हातारा जपानी येऊन राहिला. ओकुदा त्याचं नाव, गावानं त्याला जपानी बाबाजी करून टाकलं. भिक्खू नव्हता तो. लाकडावर चित्र कोरून कागदावर छापणारा कारागीर होता. नागपूरच्या एका विहारात काही वर्षं राहिला, तिथं मोडकीतोडकी हिंदी शिकला, आणि कोणीतरी त्याला सांगितलं की आमच्या तलावाखालच्या धानाच्या बांध्यांमध्ये सारस उतरतात. सारस पाहायला आला तो. आल्या दिवशीच त्यानं विहाराच्या दरवाजावर हात फिरवून विचारलं, "यह किसने बनाया?" दरवाजा माझा होता, सागाचा, वर पिंपळपानं कोरलेली. लोकांनी मला बोलावून आणलं. म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात पालथे करून पाहिले आणि म्हणाला, "लकड़ी चाहिए. बहुत सीधी. बहुत बारीक." मी घरी छाती काढून आलो. पंचफुलाला म्हणालो, "पाय वं, जपानातून माणूस माझा हात पाहाले आला." ती म्हणाली, "हात पाहाले का सारस पाहाले?"

त्याच्या देशात या कामाला चेरीचं लाकूड लागतं. ते आमच्याकडं कुठलं? मी त्याला हळदूची फळी दिली. हळदूचं लाकूड पिवळं, साबणासारखं कापलं जातं, आणि रेषा अशी बारीक की डोळ्याला दिसू नये. त्यानं फळीला गाल लावला. मग रोज सकाळी तो आमच्या पडवीत येऊन बसायला लागला. गाठोडं उघडून त्यानं त्याच्या देशातली जुनी छापील चित्रं दाखवली. एकात बर्फात बसलेला कावळा, एकात पावसात नाव वल्हवणारा माणूस, एकात आरशापुढं बसलेली बाई. पाऊस म्हणजे नुसत्या उभ्या रेघा, पण पाहताना अंग ओलं वाटे. मला वाटलं एकाच माणसानं केलं असेल हे सगळं. तो म्हणाला, नाही. एक जण चित्र काढतो. दुसरा ते लाकडात कोरतो. तिसरा रंग लावून कागदावर उमटवतो. जितके रंग तितक्या फळ्या. कागदावर नाव मात्र चित्र काढणाऱ्याचं. "मेरा दादा काटने वाला," तो स्वतःकडं बोट दाखवून म्हणाला, "मेरा बाप काटने वाला. नाम कहीं नहीं."

आणि कोरणाऱ्यांतही उतरंड असते म्हणे. नव्यानं यायचं आणि रिकामी जागा खोदून काढायची. मग काही वर्षांनी कपडे कोरायला मिळतात. आणि सगळ्यांत वरचा जो, तो केस कोरतो. त्या आरसेवाल्या बाईच्या कपाळावर जिथं केस उगवतात, ती जागा त्यानं मला भिंगातून दाखवली. एका तांदळाच्या दाण्याच्या जागेत पाच-सहा केस, एकेक सुटा. मी तेव्हाच मनात ठरवलं, हे केस मी कोरणार. हावरट झालो होतो मी. आजही ते दिवस आठवले की तोंडाला पाणी सुटल्यासारखं होतं.

त्यानं चित्र काढलं ते आमच्याच बांधीचं. एक बाई वाकून धान रोवते, कपाळावरचे केस सुटून आलेत, मागं पाण्यात दोन सारस, त्यांची लालभडक डोकी. बाई कोण हे विचारायची गरज नव्हती. पंचफुला रोवणीला जाई तेव्हा म्हातारा बांधावर बसून कागद काळे करी. गावात टवाळी झालीच. पानठेल्यावर एकानं मला विचारलं, "काय गा मिस्त्री, मालकिणीचा फोटो जपानले चालला, तू कायले मांगं राहिला?" मी हसलो. त्याचं मला काही वाटलं नाही. म्हातारा पंचफुलाच्या बापाच्या वयाचा, आणि पंचफुला ती पंचफुला. माझं दुखणं दुसरंच होतं, आणि ते अजून सुरू व्हायचं होतं.

सुरू झालं ते कागदापासून. छापायचा कागद ओला लागतो, पण भिजलेला नको. म्हातारा पहिल्यांदा मला समजावत होता, किती ओला, कसा ओला, हिंदी पुरेना. पंचफुला चुलीकडून उठली, तिनं आपलं बिडीच्या पानांचं पोतं आणलं, दोन पोत्यांच्या घडीत कागद ठेवले, आणि घटकाभरानं उपडा हात घालून म्हणाली, "आता घ्या." म्हाताऱ्यानं कागद गालाला लावला. गालाला लावूनच बसला. मग तिच्यापुढं मान वाकवली, कमरेतून. माझ्यापुढं तो कधी एवढा वाकला नव्हता. त्याच आठवड्यात त्यानं तिच्या हातात सुरी दिली. बिडीचं तोंड नखानं दुमडणारी तिची बोटं, त्यांना त्या सुरीची ओळख करून द्यावी लागली नाही. ती लाकूड कापत नव्हती, कुणाच्या पायातला काटा काढावा तसं हळूच उचलत होती. महिन्याभरानं म्हाताऱ्यानं काळ्या रेघांची फळी तिच्या पुढ्यात सरकवली आणि बाईच्या कपाळावर बोट ठेवलं. "बाल. आप."

आणि माझ्या हातात रुंद पटाशी देऊन पाण्याची जागा दाखवली. "यह खाली करो." त्या चित्रात जेवढं पाणी आहे ना, तेवढं मी खोदलं. ते कुणाला दिसत नाही, कारण तिथं काही नाही.

मी काम सोडलं नाही. सोडायला पाहिजे होतं. दिवसभर पाणी खोदत बसे आणि कानानं तिची सुरी ऐके. तिची सुरी थांबली की मला बरं वाटे, वाटे की आता तुटला केस. पण ती पेजेचा घोट घ्यायला थांबलेली असे. म्हातारा तिच्या फळीवर वाकून म्हणे, "अच्छा. और पतला." मग दुसऱ्या दिवशी, "बहुत अच्छा." माझ्या फळीवर तो नुसता तळवा फिरवी आणि मान हलवी. साडेतीन महिन्यांत मला एक "अच्छा" मिळाला नाही. मी मोजत होतो, हे लिहायला लाज वाटते, पण मोजत होतो. घरी मी भाताला नावं ठेवू लागलो. एकदा म्हणालो, "मीठ नाही याच्यात. ध्यान तिकडं जपानात असते तुयं." तिनं मिठाचं भांडं पुढं सरकवलं आणि म्हणाली, "तुमचं ध्यान कुठं असते, ते मले मालूम हाय." रंग घोटायला तांदळाची खळ लागे, ती तीच शिजवी. कागदावर घासायच्या चकतीला बांबूच्या कोंबाचं साल लागे. तेही तिनं शोधलं, वास्त्यांची, म्हणजे कोवळ्या कोंबांची भाजी करताना आपण जे फेकतो तेच. प्रत्येक गोष्ट तिच्या घरात आधीपासून पडलेली होती. माझ्याकडं नुसतं लाकूड.

धान कापणीला आलं तेव्हा फळ्या तयार झाल्या. काळी, राखाडी, हिरवी, आणि शेवटची लाल. लाल फळीवर फक्त दोन सारसांची डोकी. म्हाताऱ्याला आता जायचं होतं. नागपूरला चित्रं मांडायची, मग पुढं त्याच्या देशात न्यायची. तो पंचफुलाला म्हणाला, "आप साथ चलो. आठ दिन. वहाँ सबके सामने छापेंगे." आणि मग माझ्याकडं वळून लाकडाचा एक छोटा चौकोनी तुकडा दिला. म्हणाला, यावर हिचं नाव कोर. कागदाच्या कोपऱ्यात उमटवू. "मेरा दादा नाम नहीं. मेरा बाप नाम नहीं. इसका नाम."

तुकडा मी खिशात ठेवला. कोरला नाही.

आता खाचेचं सांगतो. प्रत्येक फळीच्या एका कोपऱ्यात आणि एका काठावर कागद टेकवायची खाच असते. कागद दर वेळी त्याच खाचेत टेकवायचा, म्हणजे प्रत्येक रंग आपल्या जागी पडतो. म्हातारा म्हणे, चित्र चुकलं तर चालेल, खाच नको. दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीनं त्यांना निघायचं होतं. त्या दुपारी ती दोघं तलावावर गेली होती, सारसांना शेवटचं पाहायला. तीस कागद तीन रंग लागून ओल्या पोत्यात होते, फक्त लाल उरला होता. मी पडवीत एकटा. लाल फळी घेतली, मांडीवर ठेवली. पटाशीला धार होती. काठाच्या खाचेची भिंत अर्धा सूत मागं नेली. एकाच घावात. पिवळी चिप गळून माझ्या पायाशी पडली, भुशात. मग मी हात धुतले आणि पाणी प्यालो. आयुष्यात एवढं नेटकं काम माझ्या हातून क्वचित झालं असेल.

सकाळी पंचफुला नवं पातळ नेसून बसली. पिशवी दाराशी भरून ठेवलेली. तिनं लाल लावला, कागद खाचेत टेकवला, चकती फिरवली, कागद उचलला. सारसांची डोकी राखाडीच राहिली, आणि लाल रंग डोक्याच्या बाजूला हवेत लटकला, जसं कुणी टोपी उडवली. तिनं दुसरा कागद घेतला नाही. फळीकडं पाहिलं. म्हातारा जवळ आला, खाचेवर बोट ठेवलं. जुना काप मळून तपकिरी झालेला होता, आणि हा ताजा, हळदीसारखा पिवळा. मग तो गुडघ्यांवर बसला आणि भुशात हात घालून शोधू लागला. मला वाटलं आता निघून जावं. त्याला ती चिप सापडली. त्यानं ती खाचेला लावली. बसली.

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. कारागीर दुसऱ्या कारागिराच्या कामाकडं पाहतो तसं. म्हणाला, "कटाई बहुत अच्छी है. एक बार में."

साडेतीन महिने ज्याची वाट पाहिली ते मला त्या सकाळी मिळालं.

म्हाताऱ्यानं खळीची वाटी ओढली. चिप चिकटवायची, घटकाभर दाबून धरायचं, काम पुन्हा सुरू, एसटीला अजून वेळ होता. पण पंचफुलानं त्याच्या चिमटीतून ती चिप काढून घेतली आणि मूठ मिटली. म्हणाली, "राहू द्या बाबाजी. माझ्याच हातानं झालं ते. काल मीच नीट कराले गेली, अन् बिघडवलं." तिनं कधी पटाशी हातात धरली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मग लालाशिवायचे कागद गुंडाळले, कोरलेल्या फळ्या तिच्याजवळ ठेवल्या, आणि म्हणाला की पुढच्या रोवणीला येईन, तोवर ठीक करून ठेवा. नाव नंतर लावू. अधुऱ्या चित्रावर नाव नाही लावत. कमरेतून वाकला तिच्यापुढं, मग माझ्यापुढंही वाकला. त्यानं थपड मारली असती तरी ती मला एवढी जड गेली नसती. एसटी आली, तो गेला.

पंचफुलानं पिशवीतलं पातळ काढून दोरीवर टाकलं. दुपारी भात वाढला. मीठ विचारलं नाही. मी अर्धं जेवण झाल्यावर म्हणालो, "तू बोल ना काही. शिव्या दे." ती म्हणाली, "तुमी नोको जाऊ म्हणले असते, तं मी गेलीच नसती जी. एवढं बारीक काम कायले केलं?" मी म्हणालो, "तुये केस पाहून." तिला कळलं नाही असं मला वाटलं. आता वाटतं, कळलं.

म्हातारा पुढच्या रोवणीला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विहारात निरोप आला की तिकडं आजारी पडला, मग गेला. पंचफुलानं सुरी पुन्हा हातात धरलेली मी पाहिली नाही. बिड्या वळत राहिली. मी त्या फळ्यांचं नाव काढलं नाही, तिनं माझ्यासमोर काढलं नाही. दहा-बारा वर्षं. लोक सांगतात, सारसाचा जोडीदार मेला की दुसरा खाणं सोडून मरतो. मी काही पाहिलं नाही तसं. पंचफुला गेली आणि मी तेराव्या दिवशीही जेवलो, आजही जेवलो.

मागच्या उन्हाळ्यात मुलगी आली, म्हणाली आईची पेटी उघडू. लुगड्यांच्या खाली बिडीची पानं कापायचा पत्रा, त्याखाली तिची सुरी आणि चार फळ्या पोत्यात गुंडाळलेल्या. लाल फळी मी उजेडात नेली. खाच पुरी होती. तीच चिप तिनं खळीनं परत बसवली होती, रेषेला रेषा लावून. मी चाळीस वर्षं लाकडाचे सांधे केले, मला सांधा दिसेना. नख फिरवलं, नखाला लागेना. मुलगी म्हणाली, "काय शोधून राहिले बाबा?" मी म्हणालो, "तुझ्या आईची चूक." फळ्यांच्या मधे एक कागद होता. एकच. बाई रोवते, केस कपाळावर सुटलेले, सुटेच, एकेक. सारसांच्या डोक्यावर लाल, जिथल्या तिथं. मागं राहिलेल्या एखाद्या कोऱ्या कागदावर मी घरात नसताना कधीतरी छापलं असेल. कोपऱ्यात नावाची जागा रिकामी. नावाच्या ठशाचा तुकडा माझ्याकडं होता, कोरायचं काम माझं होतं, म्हणून तिनं ती जागा तशीच ठेवली. मला कधी आठवणही करून दिली नाही.

तो चौकोनी तुकडा माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी पडून होता. मी तिच्या सुरीनं नाव कोरलं. उलटी अक्षरं कोरावी लागतात, सरावाचे तीन तुकडे वाया गेले, मग शेवटी म्हाताऱ्यानं दिलेल्या तुकड्यावर हात लावला. पंचफुला. अक्षरं जाड आली, एखाद्या दरवाजावर कोरावी तशी. तिनं कोरली असती तर अशी आली नसती. जळफळाट होतो अजून, खोटं कशाला सांगू. मेलेल्या बाईचा हेवा करणारा मी या तालुक्यात एकटाच असेन.

ठसा तयार आहे, उमटवलेला नाही. कागद एकच आहे, बिघडला तर दुसरा नाही. त्याला आधी ओल द्यावी लागते, आणि किती द्यायची ते पंचफुलाला माहीत होतं, मी कधी विचारलं नाही. म्हणून रोज सकाळी वहीचा एक कोरा कागद तिच्या पोत्याच्या घडीत ठेवतो आणि घटकाभरानं उपडा हात घालून पाहतो. काल कोरडा राहिला होता. आज ज्यादा ओला झाला.